माळावरच्या सपाट ओव्हलसाठी क्वाडचं सस्पेन्शन: पुढून ढकलते आणि आतलं चाक उचलतं, काय करू?

खटावचा_माळ:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज यायचा नाही. मी खटाव तालुक्यातला. गेल्या वर्षी यामाहाची वायएफझेड ४५० आर ही क्वाड, म्हणजे हँडलची चार चाकी गाडी, सेकंडहँड घेतली, इंजिन ठणठणीत, सस्पेन्शन सगळं स्टॉक म्हणजे कंपनीनं मोटोक्रॉसच्या हिशोबानं दिलंय तसंच. रोडवर चालवायचं वाहन नाहीच हे, पिकअपमधनं न्यायचं आणि पिकअपमधनंच आणायचं. घरच्या माळावर आधी बैलगाडीची मैदानं व्हायची, जमीन तुडवून तुडवून दगडासारखी झालेली, तिथंच दोरी आणि खुंटी घेऊन ओव्हल आखला. वळणाची त्रिज्या मधल्या रेषेवर २० मीटर, सरळ पट्टे ६५-६५ मीटरचे, म्हणजे एक राउंड २५५ मीटरच्या आसपास. बँकिंग अजिबात नाही, ताटासारखं सपाट. वरती चाळलेला मुरूम, टँकरनं पाणी मारून ट्रॅक्टरच्या रोलरनं दाबलेला. आम्ही डावीकडंच वळतो.

आता अडचण. वळणात शिरताना हँडल पूर्ण डावीकडं असतं तरी गाडी सरळच पळायला बघते, पुढची चाकं नुसता मुरूम ढकलत जातात. कशीबशी वळली की मध्यावर आतलं मागचं चाक उचलतं, आणि मागच्या रविवारी तर पुढचं पण उचललं, दोन चाकांवर गेली, मी आतल्या बाजूला लटकलो म्हणून परत टेकली. वळणातून निघताना गॅस उघडला की एक झटका बसतो आणि मागची बाजू फेकली जाते.

गाडी खाली बसली तर उलटणार नाही असं वाटलं म्हणून तिन्ही शॉकच्या प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून धरणाऱ्या, रिंगा पूर्ण ढिल्या केल्या. दीड इंच खाली बसली खरी, पण आता पट्ट्यावरच्या खळग्यात धाडकन तळ लागतो आणि वळणात कलायचं काही कमी झालं नाही. उंची किती ठेवायची, स्प्रिंग बदलायचे का, स्वे बार घ्यायचा का, कॅम्बर म्हणजे चाकाचा झुकाव किती, काहीच कळेना झालंय. सगळं बाहेरून मागवायची ऐपत नाही, पण लेथचं, वेल्डिंगचं काम इकडं कुठंही करून घेईन. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

तासगाव_४५०:

भावा आधी टायर सांग. स्टॉकच असतील तर पुढं २१ इंची आणि मागं २० इंची, मोठ्या गुट्ट्यांचे. ते मऊ मातीत खणत जायला केलेत, दाबलेल्या मुरमावर त्या गुट्ट्या रबराच्या खोडरबरासारख्या वाकतात आणि गाडी त्यांच्यावर डुलते, तुला वाटतं सस्पेन्शन डुलतंय. मागं १८ इंची घातलेस तर धुरा तिथंच एक इंच खाली येतो, शॉकला हात न लावता. पुढं १९ इंची घाल. फक्त चाक लहान झालं की गिअरिंग पण १० टक्के आखूड होतं, सरळ पट्ट्याच्या निम्म्यातच इंजिन ओरडायला लागेल, साखळीची मागची चकती तेवढी कमी दातांची बघून ठेव.

आणि हवा कशानं मोजतोस? पेट्रोल पंपावरचा गेज १० पीएसआयच्या खाली काही धड दाखवतच नाही, आणि या टायरला कंपनीच ४ च्या आसपास सांगते. ० ते १५ चा छोटा गेज घे. मी कडक ट्रॅकवर ६ ते ७ ठेवतो, त्यानं टायरची भिंत उभी राहते. एक पीएसआयनं सुद्धा गाडी बदलते, खरंच सांगतो.

कुपवाड_टर्नर:

तुमची तिन्ही दुखणी एकाच ठिकाणची आहेत, मागच्या अ‍ॅक्सलची. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जाईल म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी सपाट फरशीवर लावा, पाठीमागं उभं राहून ग्रॅब बार दोन्ही हातानं धरा आणि डावीउजवीकडं जोरात हलवा. शॉककडं बघत राहा. शॉक हलणार नाही, नुसते टायर चेपतील. आता पुढं या आणि बंपर एका बाजूनं दाबा, तिकडचा शॉक लगेच दबेल. याचं कारण मागं एकच शॉक मध्यावर आहे, मागचा धुरा धरणारा स्विंगआर्म वरखाली होतो पण डावीउजवीकडं झुकू शकत नाही, अ‍ॅक्सल आणि चेसिस त्या बाबतीत एकच ओंडका आहे. म्हणजे वळणात गाडी कलते ती पुढच्या दोन स्प्रिंगांवर, आणि पुढचं कललं की मागचा अख्खा ओंडका त्याच्याबरोबर कलतो, म्हणून आतलं मागचं चाक वर येतं. मागचा शॉक कितीही कडक करा, ते चाक उचलायचं थांबणार नाही. लोक वर्षभर मागचा शॉक पिळत बसतात आणि हातात काही येत नाही.

दुसरी गोष्ट, याला डिफरन्शियल नाही, म्हणजे वळणात दोन मागच्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरपेटी नाही. ट्रॅक्टरचा डिफ लॉक पायानं दाबून धरा आणि बांधापाशी वळायला जा, काय होतं? ट्रॅक्टर सरळ बांधावर चढतो. क्वाडचा डिफ लॉक जन्मभर दाबलेलाच आहे. तुमच्या २० मीटरच्या वळणात दोन मागच्या टायरच्या मध्यांत १ मीटर अंतर धरलं तर बाहेरचं चाक साडेवीसच्या गोलावर पळतंय आणि आतलं साडेएकोणीसच्या, म्हणजे बाहेरच्याला ५ टक्के जास्त जायचंय. पण दोन्ही एका दांड्यावर, फेरे सारखेच. मग दोन्ही चाकं मिळून गाडी सरळ रेटतात आणि पुढची चाकं बिचारी मुरूम ढकलतात. वळणाच्या मध्यावर आतलं चाक उचललं की मग कुठं ती वळायला लागते, आणि गॅसवर ते चाक परत टेकलं की एकदम धरतं, तोच तुमचा झटका.

तेव्हा आतलं चाक उचलणं हा अगदीच शत्रू नाही. ते हलकं व्हायलाच पाहिजे, फक्त हवेत जाता कामा नये. एवढंच साधायचंय.

उलटायचं गणित पण बघा. टायरच्या मध्यातलं अंतर १ मीटर म्हणजे निम्मं ५० सेंटिमीटर. माणूस धरून गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर असला तर ५० भागिले ६५, म्हणजे वळणाचा आडवा जोर वजनाच्या ०.७७ पट (०.७७ जी) झाला की गाडी काठावर. तोच ५५ वर आणला तर ०.९१. रुंदी वाढवून एवढं मिळत नाही, कारण तुमची गाडी आधीच १२४ सेंटिमीटर रुंद आहे आणि अमेरिकेत शर्यतीला एकूण ५० इंच म्हणजे १२७ ची मर्यादा धरतात, राहिले किती, तीन सेंटिमीटर. म्हणून खाली बसवायचा तुमचा विचार बरोबर होता, पद्धत चुकली.

खटावचा_माळ:

दादा ट्रॅक्टरचं उदाहरण वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ग्रॅब बार हलवून बघितला, खरंच शॉक जागचा हलत नाही. मग प्रीलोड ढिला करण्यात नेमकं काय चुकलं आणि बरोबर काय करायचं तेवढं सांगा.

धुळीतला_गडी:

मधेच बोलतो. एवढ्या भानगडीपेक्षा सरळ पुढं स्वे बार टाक लगा. मी कृष्णाकाठच्या रानात चालवतो, माझी पण दोन चाकांवर जायची, बार टाकला आणि एका दिवसात बसली. बार म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या दोन्हीकडच्या ए-आर्मना जोडणारी पिळाची सळी, एक चाक दाबलं की दुसऱ्याला पण ओढते त्यामुळं गाडी कलत नाही. स्प्रिंग बदलायला नको काही नको.

कुपवाड_टर्नर:

बार चांगलाच असतो, पण ह्यांच्या मुरमावर आधी नको. तुमचं रान काळ्या मातीचं, ओल धरून ठेवणारं, टायरला पकड भरपूर, तिथं गाडी घसरायच्या आधी उलटते म्हणून बारनं सोनं झालं. मुरूम सुकला की वर बारीक खडी सुटते, तिथं पकडच कमी. बार टाकला की वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो आणि आतलं मागचं जमिनीला चिकटून राहतं, म्हणजे डिफ लॉक अजून घट्ट. ह्यांची गाडी आधीच ढकलते, ती अजून ढकलेल. उंची आणि टायर झाल्यावर मग बार, आणि तो पण बारीक सळीचा.

आता प्रीलोड. प्रीलोडची रिंग फिरवून स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. स्प्रिंग जी आहे ती आहे, रिंग फक्त गाडीची उंची ठरवते. तुम्ही रिंग सोडली, गाडी खाली आली, पण स्प्रिंग तीच मोटोक्रॉसची. ह्या गाडीला पुढं ९.८ इंच आणि मागं ११ इंच ट्रॅव्हल म्हणजे चाकाचा वरखाली प्रवास आहे, उड्या मारायला. तेवढा प्रवास मिळेल असं धरून ती मऊ दिलीय. तुम्ही त्यातला खालचा दीड इंच खाऊन टाकला, मग तळ लागणारच. आणि कलणं ठरतं स्प्रिंगच्या कडकपणावर, तो बदललाच नाही, म्हणून कलणं तेवढंच.

बरोबर पद्धत म्हणजे शॉक लांबीला कमी करायचा आणि स्प्रिंग कडक घालायची, दोन्ही बरोबर. शॉकच्या आत दांड्यावर नायलॉनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर बसतो, त्यानं तो पूर्ण उघडतच नाही. शॉक ए-आर्मच्या मध्यावर लागला असेल तर २० मिलिमीटरच्या स्पेसरनं चाकापाशी ४० मिलिमीटर खाली येतं. पण हात जोडून सांगतो, हे घरी करू नका. शॉकच्या डबीत नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, गॅस न सोडता उघडला तर टोपण गोळीसारखं सुटतं. मोटोक्रॉसच्या बाईकचे शॉक उघडून गॅस भरून देणारा माणूस गाठा, स्पेसर मी नाहीतर कुणीही टर्नर काढून देईल.

स्प्रिंग वळून घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. १० मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेदहा घेतली, बाकी वेढे आणि घेर तेवढाच ठेवला, तर स्प्रिंग साडेएकवीस टक्के कडक होते. अर्ध्या मिलिमीटरमध्ये एवढा फरक, तेव्हा जरा जाडच घाला असं वळणाऱ्याला सांगू नका, मायक्रोमीटर लावून मोजून घ्या. जाड तारेनं वेढे लवकर एकमेकांना भिडतात, शॉक पूर्ण दबायच्या आधी स्प्रिंग भिडली तर काहीतरी मोडणार, ते पण आधी मोजायचं. आणि शॉक मध्यावर असेल तर चाकाला स्प्रिंगच्या चौथाईच जोर लागतो, निम्मा नाही, कारण वर्ग होतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

उंची म्हणाल तर मी गुळगुळीत ट्रॅकला ए-आर्म खालचा साधारण आडवा येईल एवढं खाली घेतो, माणूस बसवून. तुमच्या पट्ट्यावर खळगे आहेत, फ्रेमचा नळ जमिनीपासून १५ सेंटिमीटर ठेवा. मागची चकती आणि डिस्क किती खाली येते ते बघून घ्या, दगडाला तीच आधी लागते.

तासगाव_४५०:

टर्नर दादांनी सांगितलेलं ५ टक्क्याचं गणित पुढं नेतो. त्याचा उपाय म्हणजे स्टॅगर, बाहेरच्या बाजूला म्हणजे उजवीकडं मागं मोठ्या घेराचा टायर. १८ इंची टायरचा घेर १४३ सेंटिमीटरच्या पुढं, त्याचे ५ टक्के म्हणजे ७ सेंटिमीटर. पण एवढं घालू नकोस, चाकं घसरतच वळतात त्यामुळं मी निम्म्यानंच सुरू केलं, साडेतीन सेंटिमीटर. जास्त झालं की सरळ पट्ट्यावर गाडी डावीकडं ओढते आणि हात भरून येतात. एकाच आकड्याचे दोन टायर पण सारखे नसतात हं, शिंप्याच्या टेपनं मधून घेर मोज, दोन्हीत एकच हवा भरून. माझ्याकडं चार टायर आहेत, त्यावर खडूनं घेर लिहून ठेवलाय, हवेनं एखादा सेंटिमीटर इकडंतिकडं करता येतो.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझी गाडी घेतली तेव्हापासून डावीकडं वळताना ढकलायची आणि उजवीकडं मात्र लोण्यासारखी वळायची. चार महिने मी टायर, कॅम्बर सगळं केलं. शेवटी मित्राच्या बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये चार इलेक्ट्रॉनिक काटे होते, बॉक्स मोजायचे, रात्री काम संपल्यावर ते चारी फरशीवर मांडले, पाण्याची लेव्हल लावून खाली पुठ्ठे सरकवून एका पातळीत आणले आणि एकेक चाक एकेका काट्यावर. मी हेल्मेट-बूट घालून वर बसलो, हात हँडलवर, पुढं बघत, श्वास पण हळू घेतला कारण मान वळवली तरी आकडा हलतो. मित्रानं वाचले. पुढं डावं ५६ किलो, पुढं उजवं ६५, मागं डावं ७५, मागं उजवं ६६. बेरीज २६२. आता तिरकं जोडा, पुढं उजवं आणि मागं डावं १४०, दुसरं तिरकं १२२. १८ किलोचा फरक! डावीकडच्या वळणात उजवं-पुढं डावं-मागं हे तिरकं जड असलं की गाडी ढकलतेच. उजव्या शॉकची रिंग दोन आटे जास्त चढवलेली होती, आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी काम करताना राहून गेलं असणार, नुसत्या डोळ्याला दिसत नव्हतं. रिंग उतरवली, फरक ४ किलोवर आणला, पहिल्या राउंडलाच गाडी वेगळी.

स्टॅगर घातलास की परत काट्यावर चढव. मागं उजवीकडं मोठा टायर आला की अख्खा ओंडका डावीकडं झुकतो, मग पुढचा डावा स्प्रिंग दबतो आणि वजन दुसऱ्या तिरक्यावर जातं. ढकलणं कमी होतं, पण जास्त गेलं तर मागची बाजू फिरायला लागते.

कृष्णाकाठ_६७:

मी वयानं मोठा आहे, या गाड्या तीन चाकी होत्या तेव्हापासून मासिकांतनं हे वाचत आलोय. होंडाची टीआरएक्स २५० आर ही क्वाड १९८६ ते १९८९ एवढीच निघाली, तरी अमेरिकेत फ्लॅट ट्रॅकवाले अजून ती चेसिस जपून वापरतात, कारण खाली बसवायला आणि रुंद करायला सोपी. मला कॅम्बर आणि टो बद्दल सांगायचंय, ते अजून कुणी बोललं नाही.

एकाच बाजूला वळायचं असेल तर दोन्ही पुढची चाकं डावीकडं झुकलेली पाहिजेत. म्हणजे उजव्या चाकाचा माथा आत, डाव्या चाकाचा माथा बाहेर. वळणात टायर जमिनीवर सपाट पडतो. ज्या ए-आर्मला वरच्या बॉल जॉइंटपाशी आटे आहेत त्यालाच हे जमतं, स्टॉकला उगाच वाकवायला जाऊ नका. किती ते टायरच सांगतो, पाच राउंड मारा आणि उजव्या टायरवर हात फिरवा, बाहेरची कड गरम आणि आतली थंड म्हणजे कॅम्बर अजून पाहिजे.

टो, म्हणजे पुढची चाकं वरून बघताना आत किंवा बाहेर किती तोंड करून आहेत ते, सगळ्यात शेवटी. गाडी खाली आली की ए-आर्मचा आणि टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो आपोआप सरकतो, आधी लावलेला फुकट जातो. माणूस बसवून, हँडल सरळ बांधून, दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारायची, पुढून आणि मागून अ‍ॅक्सलच्या उंचीवर टेपनं मोजायचं. ओव्हलला मी पुढून ३ मिलिमीटर उघडं ठेवायला सांगतो, वळणात शिरताना चाक लगेच चावतं. सरळ पट्ट्यावर जरा वळवळते, ते चालवून घ्यायचं.

आणि पोरांनो, दोन चाकांवर गेली हे वाचून पोटात गोळा आला. मनगटाला बांधायची किल स्विच दोरी, पडलो की इंजिन बंद करणारी, लावली आहे का? नर्फ बार, म्हणजे पाय चाकात जाऊ न देणारे बाजूचे नळ, आहेत का? पाय घसरून मागच्या चाकाखाली गेला की काय होतं ते मी घरात बघितलंय, माझ्या पुतण्याच्या घोट्यात अजून प्लेट आहे. सस्पेन्शनच्या आधी ते.

खटावचा_माळ:

काका, दोरी आहे, नर्फ बार नव्हते. तुमचं वाचून आधी तेच करून घेतले, टाचेमागं जाळी सकट. बाकीचं करायला पाच आठवडे लागले म्हणून उत्तर उशिरा देतोय.

झालं असं. पुढं १९ आणि मागं १८ इंची टायर. शॉक तिन्ही उघडून स्पेसर टाकले, गॅस भरून आणले. पुढचे स्प्रिंग साडेदहाच्या तारेचे वळून घेतले, भिडण्याची उंची मोजून. नळ मी बसल्यावर २३ सेंटिमीटरवर होता तो आता साडेपंधरावर. काटे चार एका जागी मिळाले नाहीत म्हणून दोनच आणले, दुसऱ्या दोन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, आधी पुढचं मोजलं मग मागचं. तिरक्यातला फरक ११ किलो निघाला, उजव्या-पुढच्या बाजूलाच! रिंग फिरवून आणि साडेतीन सेंटिमीटर स्टॅगर घालून तो ३ वर आला.

परवा सकाळी टँकर मारून चालवली. काय सांगू, पहिल्या वळणात हँडल नेहमीएवढं फिरवलं आणि गाडी सरळ आतल्या टायरांच्या रांगेकडं निघाली, एवढी वळते. आतलं चाक उचलत नाही, भावानं व्हिडिओ काढलाय, मध्यावर त्या चाकाची धूळ बारीक होते पण बंद होत नाही. टर्नर दादा म्हणाले होते हलकं व्हायला पाहिजे ते हेच ना? राउंड २१ सेकंदाचा १९ वर आला, मोबाईलवरच्या स्टॉपवॉचनं.

एकच राहिलंय. ऊन चढलं, मुरूम सुकला, की निघताना मागची बाजू परत टपटप उड्या मारते. झटका नाही, बारीक बारीक उड्या. आणि साखळीचा आवाज बदललाय.

कुपवाड_टर्नर:

वाचून लई बरं वाटलं. धूळ बारीक होते पण बंद होत नाही, अगदी तेच पाहिजे होतं.

साखळी आजच बघा, आजच. गाडी खाली आली की स्विंगआर्मचा कोन बदलतो. पुढची चकती, स्विंगआर्मचा पिन आणि मागचा धुरा एका रेषेत आले की साखळी सगळ्यात ताठ होते, आणि तुमची आता त्या रेषेच्या जवळ बसलीय. स्टँडवर लावून ढील ठेवली असेल तर तुम्ही बसल्यावर ती तारेसारखी ताणत असणार, मग मागचा शॉक दबूच शकत नाही आणि चाक उड्या मारतं. शॉकचा खालचा बोल्ट काढा, स्विंगआर्म हातानं वरखाली करत तिन्ही एका रेषेत आणा आणि त्या जागी बोटभर ढील ठेवा. बेअरिंग जायच्या आधी करा.

त्यानंतरही उड्या राहिल्या तर मागचा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत उघडतो ते, बघा. क्लिकर हलक्या हातानं पूर्ण बंद करा, किती क्लिक लागले ते लिहून ठेवा, तिथूनच मोजायची सवय ठेवा. मग आधी होतं तेवढं परत उघडा आणि त्याच्यापुढं दोन क्लिक जास्त उघडं करा, फक्त दोन, आणि पाच राउंड मारा. त्या वेळी दुसरं काही हलवू नका, हवा सुद्धा नाही.

धुळीतला_गडी:

माझं चुकलं होतं, मुरमाचा विचारच केला नव्हता. माझा बारीक सळीचा जुना बार पडून आहे, १४ मिलिमीटरचा. पाणी मारल्या मारल्या लावून बघू आणि सुकल्यावर काढून बघू, दोन्ही वेळचं राउंड मोजू.

खटावचा_माळ:

साखळीच होती. एका रेषेत आणून बघितली तर बोट पण आत जात नव्हतं, एवढी ताठ. ढील दिली, उड्या निम्म्याच्या वर गेल्या. रिबाउंड उद्या. बार घेऊन रविवारी याच, ७ ला टँकर लावतोय, ९ पर्यंत ओल राहते. तासगावकर तुम्ही पण या, येताना दोन काटे आणता आले तर बघा, माझे दोन आहेत.